मागचा बुडाला चिकटलाय, पण साइड मीच का देऊ?

पत्र आधी देतो. चार पानी होतं, थोडं कापलंय.

‘काका, मी नाशकात इंदिरानगरला राहते, गोंद्याला एका कंपनीत क्वालिटीमधे आहे. आधी कंपनीच्या बसने जायचे, मागच्या वर्षी सेकंडहॅन्ड हॅचबॅक घेतली, तेव्हापासून स्वतःच जाते-येते. गाडी चांगली जमते, कुठे घासलेली नाही, पण मागून कोणी एकदम चिकटून आलं की माझं डोकंच चालेनासं होतं. हाताला घाम सुटतो, छातीत धडधडतं आणि सगळं लक्ष मागच्या आरशात. उजव्या लेनमधून सत्तर-ऐंशीने असते, म्हणजे काही रांगत नाही. परवा संध्याकाळी वाडीवऱ्ह्यापासून एक काळी एसयूव्ही मागे लागली, सारखा डिपर, सारखा हॉर्न. आधी मी स्पीड वाढवला, काटा १०५ वर गेला तेव्हा मलाच भीती वाटली. मग राग आला म्हणून मुद्दाम ब्रेक मारला. तो इतका जवळ आला की आरशात त्याची नंबरप्लेट पण दिसेना. शेवटी डावीकडून कट मारून गेला, जाताना काच खाली करून काहीतरी बोलला. विल्होळीला बाजूला थांबून मी रडले. घरी सांगितलं तर नवरा म्हणे, तू उजव्या लेनला जातेसच कशाला. म्हणजे परत चूक माझीच. मी नियमात, मागचा गुंडगिरी करणार, आणि साइड मी द्यायची? शांत राहा असं सगळे सांगतात काका, कसं राहायचं ते कोणी सांगत नाही.’

अगं, थांबलीस आणि रडून घेतलंस ते बेस्ट केलंस, भरल्या डोळ्यांनी गाडी चालवण्यापेक्षा कधीही बरं. फक्त पुढच्या वेळी हायवेच्या कडेला नको, अंधार पडायच्या टायमाला तर बिलकुल नको, सरळ पेट्रोल पंपात आत घे, गाडी बंद कर, पाणी पी, पाहिजे तेवढं रड, तिथे कोणी विचारत नाही.

आता मी कोण सांगणारा, तर २२ वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. डबल कंट्रोलच्या गाडीत डाव्या सीटवर, माझ्या पायाखाली पण एक ब्रेक. आणि लाल ‘एल’ लावलेल्या गाडीला नाशकात जेवढं चेपतात तेवढं दुसऱ्या कोणाला चेपत नसतील. शिकणारं पोर सिग्नलला बंद पडलं की मागचे तीन जण हॉर्नवर हात ठेवूनच बसतात, जसं काही हॉर्नने गाडी स्टार्ट होते. म्हणजे तू म्हणतेस ते हाताचा घाम, आरशाकडे ओढलेले डोळे, हे मी शेजारी बसून शेकडो वेळा बघितलंय. गंमत म्हणजे मागचा चिकटला म्हणून पोरांच्या चुका फार कमी वेळा झाल्या. झाल्या त्या आरशात बघत राहिल्यामुळे, कारण तेवढ्यात पुढचा थांबलेला असायचा.

तुझ्या नवऱ्याचं आधी सांगून टाकतो म्हणजे तो विषय संपेल. त्याचं बरोबर आहे, पण त्याने ते चुकीच्या वेळी सांगितलं. बायको रडून घरी आल्यावर लेनचा नियम काढायचा नसतो, आधी चहा टाकायचा असतो. पण नियम तोच आहे. गोंद्यापासून आपल्याकडे येताना रस्ता सहा पदरी, म्हणजे आपल्या बाजूला तीन लेन. त्यातली उजवी ओव्हरटेकची. ती पाहुण्यांच्या घरासारखी समज, काम झालं की निघायचं, मुक्काम नाही. तू सत्तरने उजव्या लेनमधे मुक्काम करतेस. म्हणून त्याने डिपर मारणं, चिकटणं योग्य ठरतं का? नाही ठरत. पण तू मधल्या लेनला आलीस ना, तर तुझ्या मागे लागणाऱ्यांतले निम्मे लोक तुला परत भेटणारच नाहीत, ते आपले उजवीकडून भुर्र निघून जातील.

आता तू म्हणशील डावीकडे काय असतं ते मला माहितीये काका. मलाही माहितीये. कंटेनर रांगतायत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, आणि विल्होळीच्या आसपास कोणीतरी बाइकवाला हमखास राँग साइडने समोरून येतो, वर आपल्याकडेच रागाने बघतो. म्हणून एकदम डावी नको म्हणतोय, मधली घे. पुढे हळू ट्रक आला तर आरसा बघ, इंडिकेटर दे, उजवीकडे जा, त्याला पास कर, तो ट्रक मागच्या आरशात पूर्ण दिसायला लागला की परत मधे ये. आणि पाथर्डी फाट्याच्या बऱ्याच अलीकडे डावीकडे सरकायला लाग, कारण तुला इंदिरानगरला उतरायचंय आणि सर्व्हिस रोडला जायला ऐनवेळी तीन लेन कापणारे जे लोक असतात ना, त्यांच्या मागचा माणूस चिकटलेला असेल तर मग देवच मालक.

बरं, आता मेन मुद्दा. हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो आणि कोणालाच पटायचं नाही, कारण ऐकायला उलटं वाटतं. मागचा जवळ आला की तू पुढचं अंतर वाढव.

मागच्या गाडीचा ब्रेक तुझ्या पायाखाली नाही. तो किती जवळ येणार, फोनवर बोलत येणार का, त्याचे टायर कसे आहेत, यातलं काही तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात एकच जागा आहे, तुझं बॉनेट आणि पुढच्या गाडीची डिकी यांच्यामधली. ती जागा मोठी असेल तर पुढच्याने कचकन ब्रेक मारला तरी तुला कचकन मारावा लागत नाही, तू हळूहळू थांबतेस, आणि तू हळूहळू थांबलीस की तुझ्या बुडाला चिकटलेल्या त्या शहाण्यालाही थांबायला वेळ मिळतो. त्याने स्वतः ठेवलं नाही ते अंतर तू त्याच्यासाठी पुढे ठेवतेस. लायकी नसताना ठेवतेस, मान्य, पण तो ठोकेल तेव्हा डिकी तुझी चेपणार आहे ना.

किती ठेवायचं? साधं गणित बघ. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे पुढे काहीतरी झालं हे डोळ्याला दिसून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जरी गेला तरी पाच-सहा हॅचबॅक एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपलं. ब्रेकिंग त्याच्यानंतर सुरू. म्हणून नेहमी दोन सेकंद, आणि मागे कोणी चिकटलं असेल किंवा पाऊस असेल तर तीन, जमलं तर चार. मोजायचं कसं, तर पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून, बोर्डाजवळून गेली की आपण मनात म्हणायचं ‘रामकुंड एक, रामकुंड दोन, रामकुंड तीन’. नेहमीच्या बोलण्याच्या वेगात म्हटलं की एकेकाला साधारण सेकंद लागतो. रामकुंड तीनच्या आधी तू त्या खांबापाशी पोचलीस तर जवळ आहेस, एक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचल. आमच्या स्कूलची पोरं अजून भेटली की रामकुंड म्हणून हाक मारतात मला, असो.

यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, काका गॅप ठेवला की कोणीतरी घुसतं. घुसतंच. नाशकात रिकामी जागा दिसली की त्यात मोपेड उगवते. घुसू दे. एक जण घुसला, तू परत दोन सेकंद मागे सरकलीस, म्हणजे तुझं नुकसान दोन सेकंद. गोंद्यापासून घरापर्यंत दहा जण घुसले तर वीस सेकंद, तेवढा वेळ तर तुला लिफ्टची वाट बघण्यात जातो. आणि स्पीडचं पण तेच, २५ किलोमीटर ८० ने गेलीस तर पावणेएकोणीस मिनिटं, ७० ने गेलीस तर साडेएकवीसच्या आत. सगळा जीव मुठीत धरून कमावले किती, जेमतेम पावणेतीन मिनिटं.

म्हणून मागच्याच्या दबावाने स्पीड वाढवायचा नाही. १०५ वर गेलीस तेव्हा तो मागे पडला का? नाही ना, तोही १०५ वर आला. चिकटणारा अंतर कमी ठेवतो, स्पीड कितीही असो, तू १२० ने गेलीस तर तो १२० ने चिकटेल, आणि तेव्हा काय होईल ते मी लिहीत नाही. वर दुभाजक असलेल्या चार किंवा त्याहून जास्त पदरी रस्त्यावर कारला २०१८ पासून कमाल मर्यादा १०० आहे, बोर्डावर कमी लिहिलं असेल तर तेवढीच, म्हणजे दंडाची पावती तुझ्या नावाने येणार आणि त्याच्या मनस्तापाची भरपाई कोणी देणार नाही. उलट स्पीड हळूहळू कमी कर, पाच-सातने, अगदी कळेल न कळेल असा. बऱ्याच वेळा त्यालाच कंटाळा येतो आणि तो वाट काढतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी कोणी शिकवत नाही. तू नुसता एक्सिलरेटर सोडलास किंवा गिअर खाली टाकलास तर गाडी इंजिनवर हळू होते पण मागचा ब्रेक लाइट लागत नाही. मागचा दहा फुटांवर असेल तर त्याला कळणारच नाही की तू हळू होतेयस, कळेल तेव्हा उशीर. म्हणून असं करताना ब्रेकच्या पेडलला पाय नुसता टेकव, गाडी दबणार नाही, फक्त लाल दिवा लागेल, एकदा, दोनदा. ही झाली सूचना. घाटात उतरताना तर हे हमखास करायचं, कसाऱ्याला आपण खालच्या गिअरवर उतरतो, दिवा लागत नाही आणि मागच्याला वाटतं ही बाई उगाच जवळ जवळ येतेय.

दिवा दाखवायला पेडल टेकवणं वेगळं आणि तू केलंस ते वेगळं. मुद्दाम ब्रेक मारणं. रागवत नाहीये, कारण मी स्वतः केलंय, आणि तेही ड्रायव्हिंग शिकवत असताना, म्हणजे बघ. पंधराएक वर्षं झाली. गंगापूर गाव सोडून गिरणाऱ्याकडे चाललो होतो, माझी स्वतःची गाडी, टोमॅटोचा सिझन, दुपारचे अडीच-तीन. मागे एक पिकअप, कॅरेटची थप्पी केबिनच्या वर दोन फूट, आणि तो असा चिकटलेला की आरशात फक्त त्याची जाळी आणि लिंबू-मिरची दिसत होती. दहा मिनिटं हॉर्न. एकपदरी रस्ता, साइड द्यायला जागा होती, नव्हती असं नाही, पण मी दिली नाही. मी मास्तर ना. मला वाटलं याला धडा शिकवायचा. मारला ब्रेक.

माझी गाडी हलकी, जागेवर बसली. त्याची टन-दीड टन माल भरलेली, ती कशी बसेल? त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, दोन चाकं साइडपट्टीच्या मुरमात उतरली, गाडी अशी कलंडली की मला वाटलं गेला आता, मग कशीबशी सरळ झाली, पण दोर सुटला आणि वरची चार कॅरेट रस्त्यावर. टोमॅटो उताराने पार माझ्या चाकापर्यंत घरंगळत आले. मी उतरलो तो भांडायच्या तयारीने, वाक्यं पण जुळवून ठेवली होती. ड्रायव्हर म्हणजे वीसेक वर्षांचं पोरगं, पायात स्लीपर, त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, खाली बसून टोमॅटो गोळा करायला लागला. फुटके एका बाजूला, चांगले कॅरेटमधे. मग मी पण बसलो. अर्धा तास आम्ही दोघं रस्त्यावर उकिडवे बसून टोमॅटो वेचत होतो आणि येणारे-जाणारे हॉर्न मारत होते. मी पैसे पुढे केले, तर म्हणाला, राहू द्या काका, भाव असाही पडेलच आहे. लिलाव गाठायचा होता त्याला, तो काही गाठला गेला नसणार.

तो चुकलाच होता, लोड गाडी घेऊन एवढं जवळ यायचं नसतं, आजही म्हणेन. पण त्या दिवशी तो मेला असता तर मी काय सांगणार होतो घरी, की मी बरोबर होतो?

कायद्याचंही सांगतो. वाहन चालवण्याचे जे केंद्राचे नियम २०१७ मधे आले त्यात पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवा हे आहेच, म्हणजे तुझा एसयूव्हीवाला त्यात चुकला, पण सुरक्षेचं कारण नसेल तर अचानक ब्रेक मारू नका हे पण आहे, म्हणजे त्या दिवशी मी चुकलो आणि परवा तू. आणि कोणी ओव्हरटेक करत असताना आपण स्पीड वाढवून त्याला अडवायचं नाही हे तर जुन्या नियमांपासून आहे. मुद्दाम ब्रेक मारल्यावर तो तुझ्यावर आदळला आणि डॅशकॅममधे तुझ्यापुढचा मोकळा रस्ता दिसला, तर मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते हे आपलं पाठ केलेलं वाक्य फार कामाला येत नाही.

आता तू विचारलंस ते, शांत कसं राहायचं. नुसतं शांत राहा म्हणून कोणी शांत होत नाही, माझी बायको मला चाळीस वर्षं सांगतेय. हातांना आणि तोंडाला काहीतरी काम दिलं की डोकं आपोआप मागे मागे येतं. मागे कोणी चिकटलं हे लक्षात आलं की पहिलं काम, खांदे खाली सोड. ते कानापर्यंत चढलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. मग स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून ढिली कर, कपडे पिळल्यासारखं धरतात लोक. मग श्वास बाहेर सोड, लांब, जमेल तेवढा लांब, गरम चहावर फुंकर मारतो तसा. आत घ्यायची काळजी करू नको, तो आपला आपण येतो. तीन-चार वेळा केलंस की धडधड उतरायला लागते, पूर्ण जात नाही, उतरते.

आणि मग बोलायचं. मोठ्याने. खरंच सांगतो, गाडीत एकटी असतेस ना, कोण ऐकतंय. क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखं जे दिसतंय ते बोलत जा, ‘पुढे टँकर, ब्रेक लाइट लागला, डावीकडे रिक्षा, मधली लेन मोकळी होतेय, इंडिकेटर देतेय’. शिकणाऱ्या पोरांकडून मी हे करून घ्यायचो, सुरुवातीला लाजतात, मग मजा येते. याचा फायदा असा की तोंड पुढच्या रस्त्याचं बोलत असलं की मनात मागच्याला शिव्या चालू ठेवता येत नाहीत, दोन रेडिओ एकदम लागत नाहीत. मागचा आरसा सात-आठ सेकंदांनी एकदा, नजर टाकायची आणि परत पुढे. आरशात बघायचं, बघत बसायचं नाही.

‘पण साइड मीच का द्यायची’ हा तुझा प्रश्न राहिला. मी जे जे मुरलेले ड्रायव्हर बघितले, एसटीचे जुने, घाटात ट्रक चालवून केस पांढरे झालेले, ते सगळ्यात आधी साइड देतात. इंडिकेटर देऊन जरा बाजूला झाले, हात बाहेर काढून जा बाबा म्हणाले, विसरले. त्यांना कोणी हरवल्यासारखं वाटत नाही कारण त्यांचं लक्ष ठरलेल्या टायमाला ठरलेल्या गावी पोचण्यावर असतं. मान-अपमान आपण करतो ज्यांना लायसन मिळून पाच-दहा वर्षं झालीत. आणि मागचा कोण आहे हे तुला कुठे माहिती असतं? एकदा नीट बघून घे, वर दिवा फिरतोय का. अँब्युलन्स असेल आणि वाट दिली नाही तर २०१९ पासून १० हजार दंड आहे, आणि दंडाचं सोड, आत कोणाचा तरी बाप असतो. मागे लोड ट्रेलर असेल आणि उतार असेल तर तो चिकटत नाहीये, त्याला थांबताच येत नाहीये, तिथे तत्त्व वगैरे काही नाही, दिसला की बाजूला व्हायचं. राहिला खरा माजोरडा. तो पुढे गेलेलाच बरा, तो पुढे असला की तुला दिसतो, तुझ्या नजरेखाली राहतो, मागे असला की नाही.

बाजूला कशी होतेस ते मात्र महत्त्वाचं. घाबरून झटकन नाही. इंडिकेटर दे, डावा आरसा, मान वळवून एक नजर, कारण तुझ्यासारखाच वैतागून तो डावीकडूनच घुसायच्या बेतात असू शकतो, परवा गेलाच की. दोघं एकदम डावीकडे आलात तर संपलं. आणि जागा नसेल, फ्लायओव्हरवर किंवा सिंहस्थाच्या कामांच्या डायव्हर्जनला पत्रे लावून एकच लेन ठेवलेली असते तिथे, तर काही करू नको. आपल्या स्पीडने, पुढे अंतर ठेवून चालत राहा, त्याला हॉर्न वाजवायचाय तर वाजवू दे, बॅटरी त्याची जातेय. हात दाखवणं, आरशातून बघून तोंड वाकडं करणं, काच खाली करणं, हे काही नाही. तो काय बोलला ते तुला नीट ऐकू आलं नाही ना? नशीब समज.

रात्री मागून कोणी अप्पर मारत आलं तर आतल्या आरशाच्या खाली एक छोटी पट्टी असते बघ, ती ओढ, आरसा किंचित तिरका होतो आणि झोत डोळ्यात यायचा थांबतो. तुझ्या गाडीत असणार. निम्म्या लोकांना ती पट्टी कशाला आहे हेच माहिती नसतं, काही जण त्याला अत्तराची बाटली लटकवतात.

एक मात्र गंभीरपणे. साइड दिल्यावरही तो पुढे गेला नाही, तू वळलीस तिथे वळला, परत वळलीस तिथे परत वळला, तर ते चिकटणं नाही, पाठलाग आहे. घरी जायचं नाही. घर त्याला दाखवायचं नाही. दारं लॉक, काचा वर, गाडीतून उतरायचं नाही, जिथे माणसं आणि उजेड असेल तिथे जायचं, पेट्रोल पंप, टोल नाका, नाहीतर सरळ पोलीस स्टेशनच्या दारात, आणि ११२ ला फोन, स्पीकरवर. गाडीचा नंबर, रंग, कुठून कुठे जातोय एवढं सांग. हायवेवर असशील तर १०३३ पण आहे. धोकादायक ड्रायव्हिंगला मोटर वाहन कायद्यात १८४ कलम आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्ष कैद किंवा दोन्ही, पण ते सिद्ध करायला काहीतरी हातात लागतं, त्यामुळे जमलं तर पुढे-मागे दोन्हीकडचा डॅशकॅम बसवून घे. चालवताना मोबाइलने शूटिंग करू नको म्हणजे झालं.

उद्यापासून सगळं एकदम करू नको. पहिला आठवडा फक्त मधली लेन आणि रामकुंड तीन. बाकी नंतर.

आणि आज रात्री पार्किंगमधे गाडी रिव्हर्स घेऊन भिंतीला पाठ करून लाव, लाइट बंद ठेव, ब्रेक दाब आणि आरशात बघ भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतोय का, आणि मागच्या काचेतला वरचा पण लागतोय का. सेकंडहॅन्ड गाडी आहे, एखादा बल्ब गेलेला असला तर तुला कधी कळलंच नसेल. जाधव संकुलाकडे किंवा कुठेही, जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे दाखव, बल्बचं काम पाच मिनिटांचं असतं.